वर्गणी विक्रीवर, मत माणसागणिक

गोव्यातल्या पांढऱ्या गावठी गायीला श्वेतकपिला या नावाने देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, त्याला आता काही वर्षे झाली. जुन्या गोव्यात एला येथे असलेल्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने या गुरांचा अभ्यास केला आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने जात नोंदवून घेतली. त्याआधी काणकोणातल्या आगोंदच्या नावाने इथल्या गावठी डुकराची नोंद झाली होती. कोकणात आणि गोव्यात आढळणारी कोकण कपिलाही त्या यादीत आहे. कागदावरचे काम शास्त्रज्ञांनी केले. गोठ्यातले काम मात्र एखाद-दुसऱ्या संस्थेच्या हातून होणारे नाही. ते पेडण्यातल्या, डिचोलीतल्या, मुरगावातल्या पशुपालकांना एकत्र येऊनच करावे लागेल. त्यासाठी संघटना हवी, संघटनेला पोटनियम हवेत, आणि पोटनियम लिहायला बसले की पहिला वाद वर्गणीचा होतो.

सर्वांना एकच वर्गणी ठेवली तर दोन गायीवाला ओरडतो. जनावरांच्या संख्येप्रमाणे टप्पे केले तर पन्नास गायीवाला विचारतो, मी दहापट पैसे भरतो तर माझे म्हणणेही दहापट का चालू नये? दोघांचेही बोलणे वरवर पाहता रास्त आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी मधला मार्ग निघतो. पाचपर्यंत गुरे असली तर इतके, वीसपर्यंत इतके, त्यापुढे इतके, आणि वरच्या टप्प्याला कार्यकारिणीत काही जागा राखीव. तडजोड म्हणून हे सोयीचे दिसते. जनावरांचा वंश राखण्यासाठी उभ्या राहणाऱ्या संघटनेला मात्र ते मुळातून घातक आहे.

आधी गुरे मोजून वर्गणी ठरवण्याचे पाहू. डोकी मोजली की ऐपत कळते, हे यामागचे गृहीतक. गोव्यात ते टिकत नाही. मुरगाव तालुक्यात बंदर, दाबोळीचा विमानतळ, रेल्वे, कारखाने आणि वसाहती यांनी जमीन व्यापली आहे. चिखली, सांकवाळ, कुठ्ठाळी, केळशी या बाजूला ज्यांच्याकडे अजून चार गुरे आहेत त्यांना चरायला रान उरलेले नाही. पेंढा विकत, पेंड विकत, कधीकधी हिरवा चाराही विकत. पेडण्यात आणि डिचोलीत तिळारीच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शेतापर्यंत पोचते, त्यांना बांधावर का होईना वैरण करता येते. पण त्याच पेडण्यात मोपाच्या पठारावर 2023च्या जानेवारीपासून विमाने उतरतात, आणि तिथल्या धनगर कुटुंबांची गुरे जिथे चरत ती जागा आता कुंपणाच्या आत आहे. डिचोलीत खाणी 2012 साली बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि 2018 साली पुन्हा थांबल्या. खाणपट्ट्यातल्या ज्या घरांनी त्यानंतर गोठ्याचा आधार शोधला, त्यांच्या दावणीला दिसणाऱ्या गायींमागे अनेकदा कर्जाचे हप्ते असतात. या चौघांकडे प्रत्येकी सहा गायी असल्या तर टप्प्यांचा तक्ता चौघांना एकाच ओळीत बसवतो.

मये-सिकेरीच्या गोशाळेचे उदाहरण याहून बोलके आहे. रस्त्यावर सोडून दिलेली, अपघातात सापडलेली, भाकड म्हणून टाकलेली गुरे तिथे आणून सांभाळली जातात. डोकी मोजून वर्गणी घ्यायची तर अशा संस्थेला सर्वांत वरच्या टप्प्यात बसावे लागेल. ज्या जनावरांपासून कमाई शून्य, त्यांच्यावर आकार सर्वांत जास्त. कोणीही म्हणेल, गोशाळेला सूट द्या. जरूर द्यावी. पण अपवाद असा पहिल्याच दिवशी करावा लागत असेल तर मोजमापच चुकलेले आहे, हे मान्य करायला हवे.

खरा धोका मात्र दुसरीकडे आहे. वंश राखणाऱ्या संघटनेचा प्राण म्हणजे तिची नोंदवही. कोणत्या गायीला कोणता वळू लागला, पाडी झाली की पाडा, ती कोणाच्या दावणीला गेली, हे सगळे त्या वहीत असायला हवे. दहा गुरांपर्यंत पाचशे रुपये आणि अकराव्यापासून दोन हजार असा टप्पा ठेवला, तर अकरावी गाय नोंदवणे म्हणजे पंधराशे रुपये घालवणे. माणूस ती भावाच्या नावावर दाखवतो किंवा दाखवतच नाही. यात त्याचा लबाडपणा नाही. नियमच त्याला लपवायला शिकवतो. आयकर भरताना माणूस उत्पन्न लपवतो तेव्हा सरकारचा पैसा बुडतो. इथे एक पाडी वहीतून गळाली की तिच्या पुढच्या सगळ्या पिढ्या गळतात, आणि ते नुकसान पुढे कितीही वर्गणी गोळा केली तरी भरून येत नाही. केंद्राच्या बारा अंकी कानबिल्ल्याची सोय आज आहे. ज्या कामासाठी सरकार पशुपालकाकडून पैसे मागत नाही, त्याच कामावर त्याच्या स्वतःच्या संघटनेने आकार लावावा, याला काय म्हणावे? नोंदणी फुकटच असली पाहिजे, दोन गायीवाल्याला आणि दोनशे गायीवाल्यालाही.

आता लहान पशुपालकाकडे वळू. त्याला वर्गणीत सवलत द्यावी की नाही, अशी चर्चा होते तेव्हा तो जणू संघटनेवर पडलेला भार आहे असे गृहीत धरलेले असते. जनुकशास्त्राचा हिशेब अगदी उलटा आहे. कळप वंशाच्या दृष्टीने किती मोठा, हे नुसत्या डोक्यांवरून ठरत नाही. नर आणि माद्या यांच्या संख्येचा गुणाकार करायचा, त्याला चाराने गुणायचे आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे, असे त्याचे सोपे सूत्र आहे. एका मोठ्या गोठ्यात पन्नास गायी आणि एक वळू असेल तर उत्तर येते 3.9. म्हणजे पन्नास गायींचा तो सुंदर गोठा वंशाच्या हिशेबात चार जनावरांएवढाही नाही. आता त्याच पन्नास गायी दहा घरांत पाच-पाच अशा वाटलेल्या आहेत आणि प्रत्येक घरी एकमेकांशी नाते नसलेला एकेक वळू आहे, असे समजा. उत्तर येते 33. गायी तितक्याच, चारा जवळजवळ तितकाच, आणि वंशाचे बळ आठपटीहून अधिक. पिढीमागे सगोत्र संयोगाचे प्रमाण 1 टक्क्याहून अधिक वाढू नये म्हणून ही संख्या निदान 50 असावी, असा जगभर वापरला जाणारा निकष आहे. तिथे पोचायचे तर विखुरलेले लहान गोठेच लागतात.

म्हणजे पाच गायी आणि एक वळू बाळगणारा माणूस हेच अशा संघटनेचे खरे भांडवल आहे. त्याच्याकडून कमी पैसे घेणे हा उपकार नव्हे.

आणि तो वळू सांभाळणे किती कठीण झाले आहे, ते गावात कोणालाही विचारावे. नांगराला बैल लागेनासे झाले. गायीला माज आला की डॉक्टर येऊन इंजेक्शन देतात आणि ते बहुतेकदा जर्सीचे किंवा होल्स्टिनचे असते. पाडा झाला की तो नकोसा. थोडा मोठा झाला की रस्त्यावर. वास्कोच्या रस्त्यांवर रात्री बसलेली गुरे पाहून आपण वैतागतो, नगरपालिकेला दोष देतो, कधी अपघातात माणूस जातो तेव्हा हळहळतो. त्या गुरांत गावठी वंशाचा एखादा चांगला नरही असू शकतो. त्याला दावण मिळाली नाही, कारण दावणीचा खर्च एकट्या मालकाच्या डोक्यावर होता आणि फायदा आजूबाजूच्या दहा गोठ्यांना होणार होता. डोकी मोजून वर्गणी घेणारी संघटना या माणसाकडून त्या वळूचेही पैसे घेईल. ज्याला पैसे द्यायचे त्याच्याकडून ती पैसे मागेल. केंद्र सरकारने 1963 साली गीर, कांकरेज, हरियाणा, ओंगोल अशा गुरांसाठी कळपनोंदणीची योजना सुरू केली, तेव्हा नोंद झालेली जनावरे सांभाळणाऱ्याला प्रोत्साहन देण्याचा विचार तिच्या मुळाशी होता. तो विचार अजूनही बरोबर आहे.

मग संघटनेने पैसा आणायचा कुठून? आमचे उत्तर असे: मोजणीवर घेऊ नका, विक्रीवर घ्या. शुद्ध वंशाचा दाखला जोडून पाडी, वळू, पिल्ले विकली जातात तेव्हा त्या दाखल्याला किंमत असते आणि ती किंमत संघटनेमुळे आलेली असते. त्या दिवशी मालकाच्या हातात पैसा असतो. विक्रीच्या रकमेतून ठरावीक टक्के संघटनेला गेले तर जो जास्त विकतो तो आपोआप जास्त भरतो, आणि ज्याच्याकडे वर्षभर काही विकण्याजोगे नव्हते त्याला उधार करून वर्गणी भरावी लागत नाही. गोशाळा काही विकत नाही, ती काही भरत नाही. वेगळी सूट द्यायची गरजच राहात नाही. दाखला लपवून कोणी विकणार नाही, कारण दाखल्याशिवाय तो भाव मिळत नाही. मोजणीवरचा आकार लपवाछपवी वाढवतो, विक्रीवरचा आकार नोंद पक्की करतो. प्रवेश फी मात्र सर्वांना सारखी आणि नाममात्र असावी. आणंदच्या नमुन्यातल्या दूध संस्थांत एक रुपया प्रवेश फी आणि दहा रुपयांचा एक भाग घेऊन माणूस सभासद होत असे. त्या एक रुपयावर कोणतीही संस्था चालली नाही. संस्था चालली ती रोज घातलेल्या दुधावर.

मोठ्या पशुपालकाची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. तो म्हणतो, विक्रीतून सर्वांत जास्त पैसा माझा जाणार, मग निर्णयात माझे वजन किती? याला महाराष्ट्राने फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. त्या वाटेने पुढे गेलेल्या कारखान्यांत ज्याचा ऊस जास्त त्याची कपात जास्त, त्याचा भावही एकूण जास्त. आमसभेत मात्र त्याचे मत एकच. इंग्लंडात रॉचडेलच्या 28 कामकऱ्यांनी 1844 साली एकेक पौंड घालून दुकान काढले, तेव्हापासून सहकाराने हे तत्त्व सोडलेले नाही. या कारखान्यांत बड्या बागायतदारांचा वरचष्मा राहिला, हे कोणी नाकारणार नाही. पण तो त्यांना मते मिळवून टिकवावा लागला, वर्गणीच्या पावतीवर तो छापून मिळाला नाही. लहान माणसाच्या दारात पाच वर्षांनी का होईना जावे लागले. वरच्या टप्प्याला जागा राखीव करणारा पोटनियम नेमकी तेवढीच गरज काढून टाकतो.

मोठ्या माणसाला त्याच्या पैशाचा मोबदला मिळतोच. खरेदीदार आधी त्याच्या गोठ्यात येतो. प्रदर्शनात त्याची जनावरे उठून दिसतात. जातीचे नाव मोठे झाले की पहिला लाभ त्याचा. शिवाय, त्याच्या पन्नास गायींचा वंश ताजा राहायचा तर त्याला बाहेरचा वळू लागणार, आणि तो त्या पाच गायीवाल्याच्या दावणीला आहे. त्या माणसाने आमसभेत मत गमावले, मग वर्गणी थांबवली, मग कंटाळून गायींना जर्सीचे इंजेक्शन दिले, तर नुकसान कोणाचे?

संघटना कोणत्या कायद्याखाली नोंदवायची, याचाही इथे संबंध आहे. गोवा सहकारी संस्था कायदा, 2001 खाली गेले तर एक सभासद एक मत हे तत्त्व पाठीशी येते. उत्पादक कंपनी काढली तरी व्यक्ती सभासदाला भाग कितीही असोत, मत एकच असते. पण आपल्याकडे उत्साहाच्या भरात लोक सोपा रस्ता धरतात आणि 1860च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली मंडळ नोंदवतात. त्या कायद्यात सभासदांचे दर्जे कसे करायचे हे बरेचसे पोटनियमांवर सोडलेले आहे. आणि त्याच्या पंधराव्या कलमात एक तरतूद आहे जी पशुपालकांनी नीट वाचावी: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली, त्याला मतदान करता येत नाही आणि त्याची सभासदांत गणनाही होत नाही. म्हणजे वर्गणी जड ठेवली की कोणालाही काढून टाकण्याचा ठराव करावा लागत नाही. चवथीच्या खर्चात अडकलेला, पावसात जनावर दगावलेला, दुधाचे बिल उशिरा मिळालेला माणूस आपोआप यादीतून बाहेर पडतो, आणि सभेच्या दिवशी त्याला ते कळते.

दर्ज्यांची आवड आपल्या अंगात मुरलेली आहे. आपल्या जुन्या वाचनालयांचे फलक पाहावेत: आश्रयदाते, हितचिंतक, आजीव सभासद, साधारण सभासद. वाचनालयात ते शोभते, कारण देणगीदाराने पुस्तके वाचली नाहीत तरी पुस्तकांचे काही बिघडत नाही. पशुपालकांच्या संघटनेत मात्र आजीव सभासदत्व फार जपून द्यावे लागेल. वास्कोत, पणजीत, म्हापशात गायीविषयी मनापासून आस्था असलेली माणसे पुष्कळ आहेत. एकरकमी पैसे भरण्याची त्यांची ऐपतही आहे. त्यांचे पैसे आदराने घ्यावेत, त्यांना सभेला बोलवावे, त्यांचे म्हणणे ऐकावे. पण ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याला मत नको. नाहीतर काही वर्षांत गोठा नसलेल्यांचे बहुमत होईल आणि वळू कोणता ठेवायचा हे शहरातल्या दिवाणखान्यात ठरेल. गोव्याला हे नवे नाही. इथल्या गांवकरीत, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थेत, गांवकर, कुळाचारी, भागधारक असे दर्जे होते, गांवकराला जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, जन्माने मिळे, आणि शेत कसणारा कित्येकदा त्या यादीत कुठेच नसे.

उलट बाजूने, जनावर आहे पण कागद नाही अशा माणसाला दार उघडे हवे. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे इथले धनगर-गवळी पिढ्यान्‌पिढ्या गुरे-म्हशी राखत आले. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या नावावर जमीन नाही. सभासदत्वासाठी जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागितला की ज्यांना जनावराची जाण सर्वांत जास्त, तेच बाहेर राहतील. कानाला बिल्ला आणि शेजारच्या दोन पशुपालकांची सही एवढा पुरावा पुरेसा मानावा.

टप्पा कुठून सुरू करायचा यावरून काय बिघडते, ते दिल्लीच्या एका योजनेत दिसले आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाची 2021 साली फेररचना झाली, तेव्हा शेळी-मेंढीपालनासाठी 50 टक्के अनुदान जाहीर झाले, पण 500 माद्या आणि 25 नर एवढ्या कळपाला. वराहपालनाला 100 माद्या आणि 10 नर. सिंधुदुर्गात कन्याळ शेळ्या पाळणाऱ्या किंवा काणकोणात घरामागे दोन डुकरे ठेवणाऱ्या माणसाने ते आकडे वाचून पुढचे पान उलटलेच नसेल. नंतर शेळ्यांसाठी 100 माद्या आणि 5 नर, डुकरांसाठी 50 माद्या आणि 5 नर असे खालचे टप्पे आले. सुधारणा झाली हे चांगलेच. तरीही गावठी जात ज्यांच्या घरी टिकून आहे ते त्याही टप्प्याच्या कितीतरी खाली आहेत.

पोटनियम अजून लिहायचे आहेत तोवरच हे सगळे बोलून घ्यावे. एकदा वरचा टप्पा बसला की तो उठवायला त्याच टप्प्यातल्या लोकांची संमती लागते. प्रवेश फी दहा-वीस रुपये, सर्वांना सारखी. नोंदणी फुकट. दाखल्यासह झालेल्या विक्रीवर ठरावीक टक्का. जनावर असलेल्याला एक मत, मग जनावरे दोन असोत की दोनशे. विक्री झाली नाही म्हणून कोणी थकबाकीदार ठरणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. आणि पहिल्या वर्षी जी रक्कम जमेल तिच्यातून कार्यालय, फलक, उद्घाटन यांच्या आधी मुरगाव, पेडणे आणि डिचोली या तीन तालुक्यांत गावठी वळू सांभाळणाऱ्या घरांना चाऱ्याचे पैसे द्यावेत, वळू कोणाचा आहे हे न पाहता, महिन्याच्या महिन्याला.